खडू खिशात

बातमी आली तेव्हा माझ्या दातांत दोरा होता. जुईनगरला माझं छोटंसं पार्लर आहे. खुर्चीत एक बाई होत्या, त्यांची एक भुवई झाली होती, दुसरी व्हायची होती. मोबाइल स्पीकरवर टाकला तर पलीकडून आमच्या रविवारच्या भिंतीवरच्या तेजसचा आवाज, "वैशालीताई... साळवे काका गेले." मी दोरा खाली ठेवला नाही. एका भुवईवर कुणाला घरी कसं पाठवणार? दुसरीही केली. बाईंनी आरशात मान इकडून तिकडे वळवली आणि विचारलं, "दोन्ही सारख्या झाल्यात ना गं?" तेव्हा मात्र मला भडभडून आलं. माझी अक्षरं सारखी झालीत ना, हाच प्रश्न मी दर रविवारी ज्यांना विचारायचे, तो माणूसच आता नव्हता. बाई बिचाऱ्या घाबरल्या, त्यांना वाटलं भुवई बिघडली.

साळवे काका राहायचे कोपरखैरण्याला. तुर्भ्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, उभा जन्म नकाशांवर पट्टी धरून बारीक अक्षरं काढण्यात गेला. गाव मराठवाड्यातलं. तरुणपणी वस्तीतले जयंतीचे फलक निळ्या रंगात तेच रंगवायचे. रिटायर झाल्यावर एका रविवारी जुईनगरला बहिणीकडे आले होते, आणि नाल्याकडच्या सोसायटीच्या लांबलचक कंपाउंडवर कॉलेजची पोरं ग्राफिटी करताना दिसली. सोसायटीनं भिंत त्यांना रीतसर दिली होती. काका थांबले, बघत राहिले, आणि न राहवून म्हणाले, "बाळांनो, हे अक्षर पडतंय रे." पोरं म्हणाली, "काका, तुम्हीच दाखवा ना करून." काकांनी ऐटीत स्प्रेचा कॅन उचलला, दाबला, आणि नोझलचं तोंड स्वतःकडे असल्यामुळे आपल्याच चष्म्याला गुलाबी रंग दिला. पोरं हसून हसून लोळली. काकाही हसले. त्या दिवशी असं ठरलं की पोरांनी काकांना स्प्रे शिकवायचा आणि काकांनी पोरांना अक्षर. पोरांचं अक्षर सुधारलं. काकांचा स्प्रे मात्र शेवटपर्यंत ओघळतच राहिला.

मी त्या भिंतीपाशी गेले ती भांडायला. माझ्या शटरवर कुणीतरी हिरव्या रंगात काहीतरी गिरबटून ठेवलं होतं. कंबर कसून गेले आणि ओरडले, "कोणाचे हात शिवशिवत होते? पुढे या!" काका तेवढे पुढे आले, म्हणाले, "चला ताई, बघू." आणि माझ्याबरोबर पार्लरपर्यंत चालत आले. शटरकडे बघून म्हणाले, "अक्षर वाईट आहे. ज्यानं काढलंय त्याच्याकडूनच साफ करून घेतो." मला बरं वाटलं. मग त्यांची नजर वर माझ्या बोर्डाकडे गेली. "हा कोणी रंगवला?" मी म्हटलं, "मीच. मेंदी काढते मी, हात आहे माझा." त्यावर या गृहस्थानं काय करावं? बोर्डाकडे पाठ केली, पाय फाकवले, कमरेतून वाकले आणि स्वतःच्या दोन पायांमधून बोर्डाकडे उलटं बघायला लागले! भर रस्त्यात! समोरचा वडापाववाला झारा हातात धरून बघत राहिला. काका उठले, खिशातून खडू काढला, दुकानासमोरचं स्टूल घेऊन त्यावर चढले आणि माझ्या बोर्डावर, माझ्या स्वतःच्या बोर्डावर, एका जागी बारीकसा गोल काढला. खाली उतरून तो खडू माझ्या हातात दिला आणि निघून गेले. मी त्यांना पाठीमागून काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण आठवडाभर मला त्या बोर्डावर तो गोल सोडून दुसरं काहीच दिसेना. पुढच्या रविवारी खडू घेऊन मी भिंतीपाशी हजर.

हीच त्यांची पद्धत होती. अक्षर सरळ बघितलं की आपण ते वाचतो, आणि वाचता आलं की डोळा सगळं माफ करून टाकतो, असं ते म्हणत. उलटं बघितलं की वाचता येत नाही, मग नुसता आकार दिसतो... कुठं जड झालंय, कुठं भोक पडलंय, काय कलंडतंय. कागद उलटा धरता येतो, भिंत कशी धरणार? म्हणून ते स्वतः उलटे व्हायचे. पोरं त्याला 'काकांचं आसन' म्हणायची. वाकून झालं की खडूचा एकच गोल. चुका दहा असल्या तरी गोल एकच. काय चुकलंय तेही लगेच सांगायचे नाहीत. खडू तुमच्या हातात द्यायचा आणि पुढच्या अक्षराकडे वळायचं. मी एकदा विचारलं, "काका, सगळ्या चुका एकदाच सांगून टाका ना, टेन्शन तरी संपेल." तर म्हणाले, "सगळ्या सांगितल्या तर तू घरी जाशील. एक सांगितली तर रविवारी परत येशील." आणि अक्षरात खरंच गोल काढण्यासारखं काही नसेल, तर काका अवाक्षर बोलत नसत. खडू तुम्हाला न देता गुपचूप आपल्या शर्टाच्या खिशात टाकत. बस. 'खडू खिशात' झाला की पोरं अशी नाचायची की सोसायटीतले लोक गॅलरीत यायचे.

ऐरोलीच्या आयटी पार्कातला आमचा तेजस सुरुवातीला सगळ्यांना "मस्त! एक नंबर!" म्हणत फिरायचा. काकांनी त्याला धरलं. "मस्त? कुठं मस्त? बोट ठेव." तेजस गडबडला. "म्हणजे... ओव्हरऑल." "ओव्हरऑल कुणी अक्षर काढत नाही. या पोरीनं ही वेलांटी काढलीय, तिच्यावर बोट ठेवून मस्त म्हण, नाहीतर गप बस." त्या दिवसापासून तेजस कौतुकही बोट ठेवून करायला शिकला. हसतो आम्ही त्याला, पण खरं सांगू का, मला काकांच्या याच गोष्टीचं वेड लागलं होतं. पार्लरमध्ये बायका आरशात बघून 'छान' म्हणतात आणि पर्स उघडतात. घरी नवरा न बघताच 'छान' म्हणतो. माझ्या हातून झालेली एखादी गोष्ट कुणी पाठ मोडेपर्यंत वाकून बघितली, असं चाळीस वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं.

आणि माझ्यासाठी खडू कधीच खिशात गेला नाही. कधीच! माझ्यामागून आलेल्या पोरींचा गेला, तेजसचा तर दोनदा गेला. माझा दोष ठरलेला. मेंदीत आम्ही रिकामी जागा ठेवत नाही. जिथे फट दिसेल तिथे पान, जिथे कोपरा उरेल तिथे वेल. अक्षरातही माझं तेच चालायचं. 'ग' काढला की त्याची उजवीकडची उभी रेघ लांब जाऊन पडायची, अक्षराचे दोन तुकडे व्हायचे, आणि मी मधल्या फटीत नाजूक पान काढून मोकळी! काकांचा गोल बरोबर त्या पानावर. एका रविवारी माझं डोकंच फिरलं. "दर वेळी तिथंच गोल! दुसरी जागा दिसत नाही का तुम्हाला?" काका शांतपणे म्हणाले, "तू दुसरीकडे चुक, मी दुसरीकडे गोल काढतो." पोरं फिदीफिदी हसली. मी ब्रश आपटून निघाले तर पाठीमागून म्हणतात कसे, "वैशाली, पानं फार सुंदर काढतेस गं. म्हणून तर त्यांच्यामागं लपतेस." घरी जाऊन मी खूप रडले, आणि रविवारी परत गेले. तोवर माझे सगळे रविवार त्या भिंतीचेच झाले होते.

दयामाया म्हणून कुणाला सोडणं हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. एका मुलीची आई दवाखान्यात होती. ती कशीबशी येऊन एक शब्द काढून गेली. आम्ही काकांना बाजूला घेऊन म्हटलं, आज राहू दे, आज पोरीला बरं वाटू दे. काका वाकले, बघितलं आणि गोल काढला. आम्हाला राग आला. मग त्याच संध्याकाळी ते आणि काकू दवाखान्यात डबा घेऊन गेल्याचं कळलं. मी विचारलं तर म्हणाले, "आई आजारी आहे त्याला डबा. अक्षर कलंडलंय त्याला गोल." तेजसनं मग लाडात येऊन विचारलं, "काका, पण माणूस फायनल पास कधी होतो तुमच्याकडे?" काका कमरेवर हात ठेवून उठत होते. म्हणाले, "ज्या दिवशी मला वाकावं लागणार नाही, त्या दिवशी." आम्हाला वाटलं, कंबर दुखतेय म्हणून चेष्टा करतायत.

पुढे त्यांना दम लागायला लागला. रविवार चुकायला लागले. मी मात्र हट्टाला पेटले होते. भिंतीचा मधला मोठा तुकडा मागून घेतला आणि 'जुईनगर' असं माझ्या उंचीचं, निळ्या अक्षरांत काढलं. ज्या दिवशी पुरं झालं त्याच दिवशी दवाखान्यातून परतताना काकांनी रिक्षा आमच्या भिंतीपाशी वळवायला लावली. शेजारी सुनंदाकाकू. काकांना उतरवेना. आतूनच बघत होते, एवढे वाळले होते की शर्ट हँगरवर लावल्यासारखा दिसत होता. हातात खडू मात्र होता! मी समोर उभी, ब्रश धरून, शाळकरी मुलीसारखी. ते बघत राहिले... मान थोडी कलती केली... परत बघितलं. मागच्या टेम्पोनं हॉर्न मारला. रिक्षावाला म्हणाला, "काका, निघू का? मागे गाडी आहे." काका मला एवढंच म्हणाले, "जेवलीस का?" आणि रिक्षा गेली. मी म्हटलं, जाऊ दे, पुढच्या रविवारी बघतील. तो रविवार यायच्या आतच तेजसचा फोन आला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत कोपरखैरण्याला गेलो. वंदना झाली, जेवणं झाली, लोक पांगले. काकूंनी मला आत बोलावलं आणि कपाटातून काकांचा त्या दिवशीचा शर्ट काढला. "दवाखान्यातून आल्यावर घडी करून ठेवला होता, धुतला नाही बाई मी," त्या म्हणाल्या. "एरवी यांचा शर्ट मशीनमध्ये टाकला की हमखास खिशात खडू. सगळ्या धुण्याचा पांढरा लगदा. मी ओरडायची, निदान खिसा तरी बघत जा, का माझा छळ मांडलाय? तर म्हणायचे, अगं सुनंदा, आज कुणाचं तरी अक्षर जमलंय." त्यांनी खिशात हात घातला आणि खडू काढून माझ्या हातावर ठेवला. अख्खा. "रिक्षा सुटली तसा यांनी हा खिशात टाकला. मी विचारलं, जमलं का वैशालीला? तर नुसते हसले."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. पण खोटं कशाला बोलू, त्या रडण्यात आनंद होता. एवढ्या वर्षांनी माझा खडू खिशात! जिन्यातच तेजसला सांगितलं, तो भर दुःखात "ताई!" म्हणून ओरडला. तिथून मी घरी गेलेच नाही, तशीच पांढऱ्या साडीत भिंतीपाशी आले. मला माझं जमलेलं अक्षर बघायचं होतं, आणि त्यांच्यासारखंच बघायचं होतं. आजूबाजूला लोक होते, असू देत म्हटलं. पदर खोचला, भिंतीकडे पाठ केली आणि साडी सावरत जमेल तेवढी वाकले. कंबर कडाकडा वाजली. सगळं रक्त डोक्याकडे उतरलं. आणि त्या उलट्या निळ्या आकारांमध्ये मला धडधडीत दिसलं... 'ग' फुटला होता. सरळ बघताना जे नाजूक पान होतं, ते उलट्यानं पान दिसेचना. दिसत होतं ते फक्त भोक.

मी तशीच फुटपाथवर बसले. फार वाईट वाटलं हो. म्हणजे काकांनी मला सोडून दिलं? शेवटची भेट म्हणून दया दाखवली? दवाखान्यात आई असलेल्या पोरीला जी दया मिळाली नाही, ती मला? छे! तो माणूस मरणाच्या दारात जरी असता तरी अक्षराच्या बाबतीत खोटं बोलला नसता. आणि रिक्षातून त्यांना तो 'ग' दिसला नसेल हे मी मेले तरी मानणार नाही. मग खडू खिशात का टाकला? मला तेजसचा तो लाडिक प्रश्न आठवला, आणि कमरेवर हात ठेवून उठताना काकांनी दिलेलं उत्तर आठवलं. त्या दिवशी ते वाकू शकत नव्हते. वाकायचं काम ते माझ्यावर सोपवून गेले होते. ओरडून रडले मी तिथे, सोसायटीचा वॉचमन पाणी घेऊन धावत आला.

पाणी प्यायले, उठले आणि त्याच खडूनं त्या पानाभोवती माझ्या हातानं गोल काढला. पुढच्या रविवारी पान खरवडून टाकलं आणि उभी रेघ जवळ घेतली. आता रविवारी नवी पोरं येतात तेव्हा त्यांच्यासमोर मी वाकते. ती तोंड दाबून हसतात, हसू देत.

परवा मात्र घोटाळा झाला. एका मुलीनं इतका नीटस शब्द काढला की मी काही न बोलता काकांचा तो खडू, झिजून बोटभर उरलेला, कुर्त्याच्या खिशात टाकला आणि विसरले. कुर्ता मशीनमधून निघाला तो खिशापाशी पांढराफटक. खडू कुठला, लगदा! हुंदके देत मी काकूंना फोन लावला, "काकू, मी घालवला हो काकांचा खडू... खिशात राहिला..." मग काका गेल्यापासून पहिल्यांदाच मी काकूंना हसताना ऐकलं. "बरी खोड मोडली," त्या म्हणाल्या, "आता तुला कळेल माझं काय व्हायचं ते." आणि नाक ओढत त्यांनी विचारलं, "कुणाचं जमलं गं आज?"