सिस्टरांची भट्टी

“आली बघ माझी भट्टी,” म्हणत सिस्टर मधेच थांबायच्या आणि समोरच्या बाईचीच फाईल उचलून वारा घ्यायच्या. चेहरा लाल, कपाळावर घाम. मग म्हणायच्या, “तुला होतं तेच मलाबी होतं. गोळी सोडली का मी?”

नांदेडच्या दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ म्हणून लागले तेव्हा त्यांचं टेबल शेजारी होतं. स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या अनेकींना पुढे वर्षानुवर्षं हार्मोनची गोळी असते. अंगातून वाफा निघतात, बोटं आखडतात, आणि बायका ती गुपचूप बंद करतात. तुमच्या ओळखीतही असेल अशी एखादी. सिस्टर स्वतः त्यातल्याच; तिला गोळीवर धरून ठेवायच्या.

हदगावची एक सासू सुनेला घेऊन कुरकुरत आली. “भाकर थापतानाच हिची बोटं कशी दुखतात?”

सिस्टरांनी आपला हात पुढे केला. “मूठ मिटवा माझी, मावशी. लावा जोर.”

मूठ वळेना. सुनेला हसू आवरेना.

मग उमरीची बाई आली. माहूरला देवीच्या गर्दीत घामाघूम होऊन थरथरली, तर अंगात देवी आली म्हणून लोक पाया पडले.

“लुगडं तरी मागून घ्यायचं!” सिस्टर हसल्या. “डॉक्टरांना सांगून घाम कमी करू.”

“नका करू, सिस्टर. घाम फुटला की सासू पाट मांडती. मालक मागं सरतात. तवापासून हात उचलला न्हाई त्यांनी.”

सिस्टर बौद्ध घरातल्या, देव-देव न करणाऱ्या. त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

“पोलिसात येतीस माझ्यासंगं?”

“न्हाई.”

“मग गोळी चुकवू नको.”

सिस्टरांचं कंत्राट पुढे वाढलं नाही. त्या लातूरला मुलीकडे गेल्या. ते टेबल आता औषधांच्या खोक्यांसाठी आहे.

परवा उमरीची बाई नवऱ्याबरोबर आली. सिस्टर असत्या तर त्यांनी आधी नवऱ्याला चहाला पिटाळलं असतं. डॉक्टर चांगले आहेत, खुशीत होते. त्याच्यासमोरच म्हणाले, “गोळीचा कोर्स संपला. आता घामही थांबेल. तो गोळीचाच होता.”

नवऱ्याने विचारलं, “सगळा?”

“सगळा.”

तो तिच्याकडे बघत राहिला.

बाहेर येऊन तिने खोक्यांकडे पाहिलं. “सिस्टर कुठं हायेत?”

“लातूरला.”

“चल,” नवरा म्हणाला. ती त्याच्या मागे जिना उतरली.