मष्णूने वाटलेले पेढे

कंग्राळीचा मष्णू टेम्पोवाला बैलांची शर्यत बघायला गेला आणि एका बैलानं त्यालाच उडवला. कपाळ फुटलं. सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत टाके घालून झाल्यावर डॉक्टर प्रियदर्शनींनी पडदा ओढला आणि हळू आवाजात विचारलं, "काका, रक्त काढतोयच. एचआयव्हीचीबी तपासणी करू? इथं येणाऱ्या सगळ्यांनाच विचारतो आम्ही."

"चाळीस वर्षं दवाखान्याची पायरी चढलो न्हाय. आता बैलानं आणून टाकलंयच, तर काय हाय ते सगळं बघा."

आणि निघालं. पुन्हा तपासलं, तरी तेच. ट्रकवर असतानाची जुनी करणी अशी उजेडात आली. बायकोची, मालुबाईची तपासणी मात्र साफ होती. मष्णू आठ दिवस भिंतीकडं तोंड करून पडला. मालुबाई भांडली, रडली, अन् नवव्या दिवशी गोळ्यांची डबी त्याच्यापुढं आदळून म्हणाली, "मरायचं ते मागनं मर. आदी ही गिळ."

सहा महिने एकही गोळी चुकली नाही. मग रक्त पुन्हा तपासलं. औषधं देणाऱ्या बाई कागद बघून हसल्या. "काका, विषाणू सापडतच नाही. गोळी मात्र जन्मभर घ्यायची, हां."

मष्णू तिथून जो सुटला तो थेट कॅज्युअल्टीत. डॉक्टर एकाच्या हाताला प्लॅस्टर घालत होत्या. दारातनंच तो ओरडला, "सापडत न्हाय वो, डॉक्टर!" डॉक्टरांचे डोळे चमकले. प्लॅस्टरवाला बिचारा खाटेखाली वाकून बघायला लागला. "काय हरवलंय वो काकांचं?"

खडेबाजारात मष्णूनं किलोभर पेढे घेतले. गावात शिरला तेव्हा त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. पहिला भेटला भरमा.

"कशाचे रं पेढे?"

आता काय सांगावं? "म्हैस याली!"

पुढं बाळाबाई भेटली. तोवर म्हैस त्याच्या डोक्यातनं गेली होती. "पोरीला नोकरी लागली, आक्का! बेंगळुरात!"

दिवस मावळायच्या आत भरमा चिकासाठी तांब्या घेऊन दारात हजर. मागोमाग बाळाबाई, आपल्या नातीचे कागद घेऊन. गोठ्यात गाभणसुद्धा नसलेली म्हैस रवंथ करत होती आणि नोकरीवाली पोरगी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती.

मालुबाईनं पदर खोचला.

"भरमाअण्णा, म्हैस याली न्हाय. नोकरीबी न्हाय. ह्यांच्या जिवावरचं टळलंय, म्हणून वाटल्यात पेढे."

"मग तसं सांगायचं की रं, गड्या!" भरमानं मष्णूच्या पाठीत असा रट्टा घातला की तो हेलपाटलाच. बाळाबाईनं त्याची अलाबला घेतली. दोघं गेल्यावर मालुबाईनं दाराला कडी लावली आणि दाराला टेकून, तोंडात पदर कोंबून, डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसत राहिली.