समुद्राला लावलेलं कुंकू

ज्याने आयुष्यात एकदाच समुद्र पाहिला, त्याने समुद्राच्या फोटोंविषयी लिहू नये, हे मला कळतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे हे धाडस होतंय. माफ करावं.

आम्ही अकोल्याकडच्या रिठद गावचे. आमच्या कॉलेजची सहल कोकणात निघाली आणि सरांनी समुद्राच्या फोटोंची स्पर्धा जाहीर केली. एक विभाग डिजिटल कॅमेऱ्याचा, दुसरा रोलच्या कॅमेऱ्याचा. निवडलेले फोटो कॉलेजच्या हॉलमध्ये लागणार होते. बाबा म्हणाले, ‘‘तुहा फोटो लागला त मी पाह्यले येतो.’’ माझ्या ॲडमिशनच्या दिवशी ते फाटकाबाहेरच थांबले होते (आत चपला काढायच्या की नाही, हे विचारायचं कुणाला?). त्यामुळे फोटो लागणं भागच होतं.

डिजिटल कॅमेरा मित्राचा घेतला, रोलचा मंगरूळपीरच्या मामांचा. निघायच्या दिवशी मी आंघोळीला गेलो तेवढ्यात बाबांनी दोन्ही कॅमेऱ्यांची पूजा उरकली. आमच्याकडे फवारणीचा पंपसुद्धा टिळा लावल्याशिवाय शेतात जात नाही.

कोकणात डिजिटल कॅमेरा सुरू केला, तर पडद्यावर लालभडक समुद्र! मी घरी फोन लावला.

‘‘बाबा, कुंकू काचेवर काहून लावलं?’’

‘‘मंग त्याचं कपाळ कुठी हाय?’’

फोन ठेवला. काच पुसली. मामांच्या कॅमेऱ्यातून पाहिलं, तर समुद्र स्वच्छ निळा. म्हटलं, याला बाबांनी सोडलेलं दिसतं. त्या कॅमेऱ्यात डोळा लावायचं भोक वेगळं आणि फोटो काढणारी काच वेगळी असते, हे मला कोण सांगणार? छत्तीसच्या छत्तीस फोटो काढले.

परतीच्या बसमध्ये डिजिटलमधले वाईट फोटो पुसायला बसलो. कॅमेऱ्याने इंग्रजीत काहीतरी विचारलं. नम्रपणे ‘हो’चं बटण दाबलं. सगळेच गेले.

उरला रोल. तो अकोल्याला धुवायला दिला. दुकानदाराने फोटो हातात ठेवले आणि हळूच विचारलं, ‘‘भाऊ, ही आग कुठी लागली होती?’’

घरी आई बराच वेळ फोटो बघत राहिली. समुद्र असा असतो हे आपल्याला कुणी सांगितलं नाही, म्हणाली. बाबा मात्र खूश. पूजा पावली होती. त्यांनीच त्यातला एक निवडला, मी मान खाली घालून तो सरांना दिला. बाबांनी पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून आणली आणि रोज सकाळी विचारायला लागले, ‘‘लागला काय रे?’’

पंधरा दिवसांनी सरांचा फोन आला. फोटो बाद. रोलच्या विभागात कंप्युटरवर रंग बदललेले फोटो चालत नाहीत, असं परीक्षकांचं म्हणणं होतं. शिवाय त्यांनी विचारलं होतं, की हे नेमकं कोणत्या सॉफ्टवेअरवर केलं?

मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी शर्टाची घडी पुन्हा पेटीत ठेवली आणि आईकडे वळून म्हणाले, ‘‘पोट्टं कंप्युटर शिकलं व.’’

इतका मानाचा आरोप आजवर माझ्यावर कुणी केला नव्हता.