घोडा देणारा लोहार

चिंचवडच्या पलीकडे दगडाची खाण होती. आई तिथे खडी फोडायची, वडील सुरुंगाची भोकं पाडायचे. उडालेल्या कपचीने वडिलांचा एक डोळा गेला, तरी पट्टी सुटायच्या आत ते कामावर उभे राहिले. सांजची चूल रोज पेटेलच असं नव्हतं. आणि मी पुण्याला कॉलेजात होतो. मुकादमाला हे मुळीच सहन होत नसे.

"घ्या मुकादम, खावा घोडा."

हे खाणीतल्या लोहाराचं रोजचं वाक्य. बोथटलेल्या छिन्न्या-पहारी भट्टीत घालून तो त्यांना टोकं काढून द्यायचा. दुपारी चिऱ्यावर कोळशाने पट आखायचा आणि मुकादमाशी बुद्धिबळ मांडायचा. डाव सुरू होतो न होतो तोच घोडा उचलून मुकादमाच्या राजाजवळच्या प्याद्यावर असा आदळायचा की शेजारच्या सोंगट्या आडव्या व्हायच्या. राजाला मग स्वतःच तो घोडा मारावा लागे.

डाव कच्चा होता. मुकादम बहुतेक वेळा जिंकायचाच. मी एकदा विचारलं, "मामा, हरणार हे ठाऊक असून घोडा का देता?"

"मजा येती. राजा घर सोडून भाईर येतोय की. येरवी कुठं घावतोय त्यो?"

मुकादमाचा हात फार चालायचा. खाणीत त्याचा मार न खाल्लेला माणूस तुम्हाला सापडला नसता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी होतो. एका डोळ्याने अंदाज चुकला आणि वडिलांचं भोक वाकडं गेलं. मुकादमाने त्यांना लाथ घालून पाडलं. "आंधळ्या, उद्यापासून तुझ्या जागी पोरगा उभा कर. लई शिकला." मग त्याने पहार उचलली. मी धावलो. त्याच्या दोन माणसांनी मला खाली दाबून धरलं.

लोहार भट्टीवरून उठून सावकाश मध्ये येऊन उभा राहिला. "पडल्याला काय मारताय? काल पटावर सोंगटी सरकवली तुमी. आख्ख्या खाणीनं बघितलंय."

मुकादम पिसाळला. पहार लोहाराच्या उजव्या हातावर बसली. हाड मोडलेलं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. दुसरा घाव खांद्यावर. तो गुडघ्यावर आला, रक्त राखेत सांडत होतं, आणि दात विचकून म्हणाला, "खाल्ला का घोडा?"

दुसऱ्या दिवशी छिन्न्या बोथट. तिसऱ्या दिवशी खाण बंद. मार देऊन उठवलेल्या लोहाराच्या भट्टीवर दुसरा लोहार बसत नाही, ही लोहारांची रीत. आसपासच्या गावांतून एकही आला नाही. पिंपरीला नव्या कारखान्याच्या पायात आमचा दगड जायचा, तो थांबला. ठेकेदार स्वतः आला आणि भर खाणीत त्याने मुकादमाला हाकललं. बायांनी त्याला वाटेभर खडीने झोडपलं. त्याचं डोकं फुटलं. कोणी आडवं गेलं नाही.

वडील कामावर राहिले. मी कॉलेजात परत गेलो.

लोहाराचा हात वाकडाच जुळला. घण पेलेना, म्हणून तो पुनावळ्याला पुतण्याकडे जाऊन राहिला. मी भेटायला गेलो की पट निघायचा. आता डाव्या हाताने, पण घोडा तसाच आदळायचा.

"मामा, डाव कच्चा आहे तुमचा."

"व्हय. तू शिकल्याला, तू जिंक."

मी जिंकायचो.

निकालाच्या आधीच तो गेला. मी बी. ए. झालो, आमच्या घराण्यातला पहिला.