कासिवाची भुकटी

कितुईच्या त्या कोरड्या मुलखात कासिवाला नावाने हाक मारणारं आता फारसं कुणी उरलं नव्हतं. थोरल्या मुलावरून सगळे तिला मुसेंबीची आई म्हणत, आणि ती जवळपास नसली की कोळसेवाली. नवरा मोंबासाच्या बंदरावर कामाला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला, तेव्हा पदरात तीन पोरं होती. मावशीने तिला भट्टी लावायला शिकवलं. लाकडं कशी रचायची, वर गवत-माती कशी थापायची, धुराचा रंग बदलला की कुठलं भोक बुजवायचं. त्या कोळशावर तिन्ही पोरं शिकली. मुसेंबी तर नैरोबीत ऑफिसात लागला आणि आई काय करते असं कुणी विचारलं की शेती करते, म्हणून सांगू लागला.

गावामागची टेकडी मात्र तेवढ्या वर्षांत बोडकी झाली. कासिवाने बोडकी केली असं शेळ्यावाले म्हणत, आणि शेळ्यांनी केली असं कासिवा म्हणे. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे तो वाद कधी मिटला नाही.

मग सरकारने कोळशावर बंदी आणली. गावावर सरकारने नेमलेला चीफ होता, किमांथी. त्याने पहिली धाड कासिवावरच घातली आणि गाव गोळा करून तिला झाडांचं महत्त्व समजावून सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. जप्त झालेली पोती चीफकडे गेली, आणि पुढे त्याच्या मुलीच्या लग्नात बोकड भाजले गेले ते त्याच कोळशावर. कासिवाही जेवायला गेली होती. आच झकास धरली होती, असं तिने परत येऊन नणंदेला सांगितलं.

त्यानंतरचे दिवस ओढगस्तीचे गेले. ती टोपल्या विणायची, पण त्या घेणार कोण? प्रत्येक घरात एक विणणारी होतीच. मका आणि घेवड्याच्या भांड्यात पाणी वाढत गेलं.

अशात नैरोबीहून एक पांढरी गाडी आली. तिच्यातून न्याकियो नावाची तरुण बाई उतरली. बाभळीचं बी कोळशाच्या भुकटीत आणि खळीत घोळवून त्याच्या गोळ्या करायच्या आणि उजाड जागी फेकायच्या, असं तिचं काम होतं. भुकटीमुळे बी उंदीर-पाखरं खात नाहीत, आणि पाऊस पडला की गोळी विरघळून कोंब फुटतो. बी तिने आणलं होतं. भुकटी हवी होती. आमच्या गावात कोळशाचा कणही मिळायचा नाही, असं चीफने अभिमानाने सांगितलं. पूर्वी कोण करायचं, असं तिने विचारलं. तेव्हा मात्र त्याचा नाइलाज झाला.

टेकडीच्या पायथ्याशी कासिवाच्या जुन्या भट्ट्यांच्या जागा होत्या. तिथे वर्षानुवर्षांची भुकटी साचून राहिली होती. तिने ती उकरली, चाळली, आणि गावातल्या बायकांनी गोळ्या वळल्या. त्या हुबेहूब शेळीच्या लेंड्यांसारख्या दिसत होत्या.

"शेळ्यांनी टेकडी खाल्ली," कासिवा म्हणाली, "आता लेंड्यांनीच भरून काढा."

गोळ्या फेकायच्या दिवशी शाळेची पोरं गलोली घेऊन आली. चीफने भाषण केलं, त्यात कासिवाला टेकडीची माउली म्हटलं, आणि पहिली गोळी स्वतः मारली. ती त्याच्या पायाशीच पडली. टाळ्या तरीही पडल्या. कासिवाचा फोटो पेपरात आला. मुसेंबीने फोन करून सांगितलं की ऑफिसात सगळ्यांना दाखवला, आई पर्यावरणात काम करते म्हणून. ती बरं म्हणाली.

त्या वर्षी पावसाने दगा दिला. पुढच्या वर्षी तो आला. उतारावरची रोपं शेळ्यांनी संपवली, पण घळीघळींतून बाभळी गुडघ्याएवढ्या झाल्या, काट्यांनिशी. त्यांना राखण हवी होती. चीफ राखणदाराचं हिरवं जाकीट घेऊन स्वतः कासिवाच्या दारी आला.

"मुसेंबीची आई, तुमच्यासारखी धुराची पारख दुसऱ्या कुणाला आहे?" तो म्हणाला. धाडीच्या दिवशी तो तिला अगं-तुगं करत होता.

पलीकडची टेकडी घ्यायची ठरली तोवर जुनी भुकटी संपली होती. आणखी हवी म्हणून न्याकियोचा फोन आला.

"बाई, भुकटी कोळशातून येते," कासिवा म्हणाली.

"हो ना."

"आणि कोळसा झाडातून येतो."

"बघा की, कुठे पडलेली मिळते का," न्याकियो म्हणाली.

काही दिवसांनी सकाळीच टेकडीमागे धूर दिसला. कासिवा जाकीट चढवून तिकडे गेली. शेजारच्या वस्तीवरची कालोंदू भट्टीपाशी बसली होती. तिचा नवरा आदल्याच वर्षी वारला होता. जाकीट पाहून ती उठली, आणि काय न्यायचं ते न्या, म्हणाली.

कासिवाने भट्टीभोवती एक फेरी मारली. दोन जागी माती ढासळून आतली ज्वाळा दिसत होती.

"लाकूड कुठलं?"

"नदीकाठचं. वाळलेलं झाड होतं."

"वाळलेलं होतं?"

"आता वाळलंय," कालोंदू म्हणाली.

"आणि हे शिकवलं कुणी तुला?"

"कुणी नाही."

"दिसतंय. अर्ध्याची राख करशील, आणि मग दुसरं झाड तोडायला जाशील."

तिने जाकीट काढून फांदीला अडकवलं, ओली माती कालवली आणि दोन्ही भोकं बुजवली. मग बजावलं, की टेकडीवरच्या काटकीला जरी हात लावलास तरी मी स्वतः तुला चीफपुढे उभी करीन. आणि तळाचा चुरा फेकायचा नाही, पोत्यात भरून ठेवायचा.

धूर चीफनेही पाहिला होता. कुणीतरी शेतातली धसकटं जाळत होतं, असं तिने सांगितलं. त्याच्याकडे पाहुणे यायचे होते, त्याने जास्त विचारलं नाही.

पुढच्या खेपेला पांढऱ्या गाडीतून भुकटीची पोती गेली. न्याकियोने चिमटीत घेऊन पाहिली, इतकी बारीक आजवर मिळाली नव्हती म्हणाली, आणि कुठून आली ते विचारलं नाही.

कालोंदूची दुसरी भट्टी लागली तेव्हा गावात कुणालाच धूर दिसला नाही. कासिवाला तेवढा वास आला. ती जाकीट घालून टेकडीच्या उलट्या अंगाला शेळ्या हाकलायला निघून गेली.