हातावरचं पाणी

मिरज जंक्शनवर आईनं शेवटचं सांगितलं ते एवढंच, "परक्या मुलखात कुणावर भरवसा ठिऊ नगंस." माझी ट्रंक दत्ताच्या डोक्यावर होती. कवठे महांकाळच्या शाळेत आम्ही एका बाकावरचे. त्याच्या घरी मेंढरं होती, आमच्या घरी तीही नव्हती. गाडी हलली तशी त्यानं स्वतःची भाकरी खिडकीतून माझ्या हातात कोंबली. "खा. फुडं समदा भाताचाच मुलूख हाय."

कोइमतूरला मामाच्या दुकानात सोनं गाळायला शिकलो. आता दुकान माझं आहे, तीन मजली घर आहे, तमिळमध्ये भांडताही येतं. तुमच्यातले जे माझ्यासारखे गलाईच्या धंद्यात निघून आले, त्यांना ठाऊक आहे, भट्टीजवळून उठणाऱ्यानं कपडे झटकायचे आणि घमेल्यात हात धुवायचे. त्या पाण्याच्या गाळातही सोनं असतं. आईचं सांगणं मी इतकं मनावर घेतलं, की सख्ख्या मेव्हण्यालाही हात धुतल्याशिवाय सोडत नाही.

दत्ता एकदाच आला. भट्टीजवळ अर्धा तास बसला, कशाला शिवला नाही. निघताना मी त्याच्यापुढं घमेलं सरकवलं. सवयीनं झालं, असं मी बायकोला सांगितलं. खोटं होतं ते. माझं सगळं लक्ष त्याच्या नखांवर होतं. त्यानं हात धुतले आणि जेवायला थांबला नाही.

मग कित्येक वर्षं फोन नाही. यंदा आला तो सिनेमाचा. गावातलीच माणसं घेऊन त्यानं सिनेमा केला होता, दोन दोस्तांचा. एक बाहेर जाऊन पैसेवाला होतो, दुसरा मेंढरांमागंच राहतो. मिरजेत दाखवणार होते, ये म्हणाला. मला वाटलं, आता हा पैसे मागणार. मागितले नाहीत, तेव्हा तर जास्तच संशय आला. चारचौघांत माझी अब्रू काढायचा बेत असणार. गेलो आणि दाराजवळची खुर्ची धरून बसलो.

पडद्यावर घमेलं आलंच. मी उठायच्या बेतात होतो. पण त्या पैसेवाल्यानं घमेलं बाजूला सारलं, तांब्या उचलला, दोस्ताच्या हातावर स्वतः पाणी घातलं आणि त्याला शेजारी जेवायला बसवलं.

हा टोमणाच, असं धरून मी बाहेर दत्ताला गाठलं. "असं कुटं झालं हुतं?"

"न्हाई झालं," तो म्हणाला. "तुज्या आयनं इचारलं, माजं पोरगं कसं वागलं तुज्यासंगं. मग तिला हे सांगितलं. लय खूश झाली रं. शेवटपतूर सारखी सांगाय लावायची."

आईला जाऊन चार वर्षं झाली.

त्या दिवशी दत्ताच्या घरी जेवायला बसताना त्याच्या हातावर पाणी मी घातलं. घालतानाही माझी नजर एकदा त्याच्या नखांकडे गेलीच.

गावात राहिलेल्यांनो, आई राहायची ते माझं घर अजून तिथंच आहे. पण त्या घरात दत्तानं आईला सांगितलेला मुलगा राहतो. मी येतो तो त्याच्याकडे पाहुणा म्हणून.