सायगॉनच्या रंगांची खोली

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात हे बोटीवर सुतार म्हणून गेले आणि सायगॉनला उतरून तिथंच कामाला लागले. तिथं फ्रेंचांचं राज्य होतं, त्यांच्या बंगल्यांना चांगला सुतार लागे. दोन-तीन वर्षांत येतो म्हणाले होते. मग लढाई पेटली, बोटी बंद झाल्या आणि त्यांची काहीच खबर येईना. इकडे गास गावात मी सासूबरोबर केळीची बाग शिंपत राहिले. रविवारी देवळातून, म्हणजे आमच्या चर्चमधून, परतताना बायका मला मुद्दाम पुढे चालायला लावत, म्हणजे मागे माझ्याविषयी बोलता येई.

लढाई संपल्यावर एका दुपारी ते आले. वाळलेले, कानाजवळचे केस पिकलेले. सासूने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मी पाण्याचा तांब्या घेऊन नुसती उभी राहिले.

थोडे दिवस गेले. मग त्यांनी आमच्या दोघांची मागची खोली हातात घेतली. बागेकडची बुटकी खिडकी फोडून तिथं जमिनीपासून वरपर्यंत जाणारी, दोन झडपांची उंच खिडकी बसवली. चुन्यात नीळ आणि पिवळी माती कालवून, पुन्हा पुन्हा वाळवून बघत, एक हिरवा रंग काढला. कोवळ्या केळीच्या पानासारखा, पण जरा उदास. तीन भिंती हिरव्या केल्या आणि चौथी गुलाबी. सासू म्हणाली, देवळाच्या सणालासुद्धा कुणी एवढे रंग लावत नाही.

मला मात्र ते काम बघायला फार आवडे. मी रंग ढवळायला बसत असे. हे एरवी बोलत नसत, पण कामाविषयी बोलत. उंच खिडकी, जाळीचे पडदे, नक्षीच्या सोनेरी चौकटीचा आरसा, वाकड्या पायांची खुर्ची, हे सगळं फ्रेंचांचं. बांबूच्या काड्यांचे चिकाचे पडदे, लाखेचं काळं चकचकीत बुटकं टेबल, लाल रेशमी कापडाचा दिवा, हे तिकडच्या लोकांचं. फ्रेंच माणूस खोलीत सामान भरत जातो आणि तिकडचा माणूस जागा मोकळी सोडतो, असं ते सांगत. दोन्ही एकत्र आणायचं तर भिंतीचा रंग आधी जमला पाहिजे, नाहीतर खोली बाजारासारखी दिसते. रेशीम आमच्याकडे कुठलं, म्हणून मी लग्नातल्या पदराचा तुकडा दिव्यासाठी काढून दिला. त्यांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला, आणि मला वाटलं, आता माझा संसार सुरू झाला.

गावातले लोक खोली बघायला येत. एवढे रंग असून डोळ्यांना त्रास होत नाही, याचं त्यांना नवल वाटे. मी अभिमानाने दार उघडून दाखवी. एकदा आरशात मला मी दिसले, आमचं लाल चौकटीचं लुगडं नेसलेली, आणि मनात आलं की एवढ्या रंगांत दिव्याचा लाल बसतो, पण माझा हा लाल कुठंच बसत नाही. पण तो विचार मी लगेच झटकला.

सगळं झाल्यावर ह्यांनी फणसाच्या लाकडाची एक छोटी खुर्ची केली. चार-पाच वर्षांच्या मुलाला बसता येईल एवढी. मी मनातून हरखले. गुपचूप तिच्यासाठी गादी शिवली. खुर्ची त्यांनी खिडकीजवळ, उजेड येतो तिथं ठेवली, मागे सरून पाहिली आणि पुन्हा थोडी भिंतीकडे सरकवली. मी हसून म्हटलं, “एवढी घाई कशाला? अजून कुणी यायचंय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते अनोळखी बाईकडे पाहावं तसं.

“ही तिची जागा,” ते म्हणाले.

मग संध्याकाळपर्यंत ते सांगत होते आणि मी ऐकत होते. सायगॉनला त्यांचं एक घर होतं. तिथली एक बाई होती, शिवणकाम करणारी. त्यांना मुलगी झाली होती. खोलीला असाच रंग होता, त्या बाईनेच निवडलेला. लढाईच्या शेवटी विमानांनी बाँब टाकले, तेव्हा हे गावाबाहेर लाकूड आणायला गेले होते. परतले तर ती गल्लीच राहिली नव्हती.

“मला वाटलं होतं, परत येणं आता नशिबात नाही,” ते म्हणाले. “तुला फसवायचं मनात नव्हतं.”

मी विचारलं, “मुलीचं नाव काय?”

त्यांनी सांगितलं. बाईचं नाव मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

कळल्यावर आईने मला माहेरी बोलावलं, पण मी गेले नाही. माझ्या वाट पाहण्याची सगळी वर्षं त्याच घरात गेली होती. ती टाकून कुठं जाऊ? मात्र त्या खोलीत मी पुन्हा झोपले नाही. स्वयंपाकघरात अंथरूण घातलं. हे तिथं एकटे बसत. मी रोज सकाळी जाऊन खिडकी उघडत असे, टेबल पुसून ठेवत असे. कधी वाटे, सगळ्याला चुना फासून टाकावा. पण दारात उभं राहिलं की हात उचलत नसे, कारण खोली खरोखर सुंदर होती.

पुढच्या नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या महिन्यात, मी फादरांकडे जाऊन त्या मुलीसाठी मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना, सांगितली. कोण तुझी, असं त्यांनी विचारलं. घरचीच, असं मी म्हटलं. मिस्सेत तिचं ते परकं नाव वाचताना फादर अडखळले. माझ्या शेजारी हे गुडघ्यावर होते.  मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांनी तो दूर केला नाही. आमच्यात जवळीक म्हणावी अशी तेवढीच.

आम्हाला मूल झालं नाही. काही वर्षांनी त्यांची छाती बिघडली. शेवटच्या दिवसांत ते आमची बोली विसरल्यासारखे झाले. मला बघून तिकडच्या भाषेत काहीतरी विचारत, हळू आवाजात, आर्जवाने. मी पहिल्यांदा म्हणाले, मला समजत नाही. ते आणखीच कासावीस झाले. तेव्हापासून त्यांनी विचारलं की मी म्हणे, “हो.” मग ते डोळे मिटून घेत.

मी कशाला हो म्हणत होते, ते मला आजही माहीत नाही.